दोन पायांचा रकाना

जतनबाईंच्या घरी पाणी गाळून झाल्याशिवाय सकाळ सुरू होत नसे. घागरीच्या तोंडावर दुपदरी फडकं बांधायचं, विहिरीच्या पाण्याची धार बारीक ठेवून ओतायची, मग ते फडकं उलटं करून गाळलेल्याच पाण्यात हलक्या हातानं खंगाळायचं आणि ते पाणी परत विहिरीत नेऊन सोडायचं. वरून भस्सकन ओतायचं नाही. बादली पाण्याला टेकेपर्यंत खाली सोडायची आणि अलगद कलती करायची. फडक्याला चिकटलेले, डोळ्यांना न दिसणारे जीव आपापल्या घरी सुखरूप पोचले पाहिजेत. कारंज्याहून लग्न होऊन शिरपुरात आल्या तेव्हापासून, म्हणजे चाळीस वर्षं, हे काम त्यांनी दुसऱ्या कोणाच्या हाती दिलं नव्हतं. सुनेच्याही नाही.

“न दिसणाऱ्या जिवाची केवढी काळजी करता बाई,” अंगणात राखेनं भांडी घासता घासता भागिरथा म्हणायची. “दिसणाऱ्याचं काय?”

“दिसणाऱ्याले तोंड आहे बोलाले,” जतनबाई विहिरीत वाकूनच उत्तर द्यायच्या. “अन् तू तर बोलतच आहेस.”

हे दोघींचं रोजचं होतं. त्याशिवाय दोघींना चहा गोड लागत नसे.

भागिरथा या घरात आली ती दोन दिवसांसाठी. जतनबाईंचे यजमान कस्तुरचंद आजारी पडले, घरात माणसांची ये-जा वाढली, तेव्हा कोणीतरी म्हणालं, नाल्याकडच्या वस्तीत एक बाई आहे, कामाला चांगली आहे, जिभेला जरा तिखट आहे. दोन दिवसांची एकोणीस वर्षं झाली. कस्तुरचंद गेले, मुलगा फूलचंद किराणा दुकानावर बसू लागला, सून हीराबाई आली, चार नातवंडं झाली. भागिरथाची मुलगी वच्छला याच अंगणात रांगली आणि लग्न होऊन किन्हीराजाला गेली. भागिरथा मात्र रोज उजाडताच मागच्या दारानं यायची, म्हशींचं दूध काढायची, भांडी घासायची, आणि येता-जाता जतनबाईंच्या सोवळ्या-ओवळ्याची फिरकी घ्यायची.

जतनबाई जैन, नेमाच्या पक्क्या. दिवस मावळल्यावर तोंडात पाण्याचा थेंब नाही. कांदा-बटाटा घरात नाही. आठम-चवदसला, म्हणजे अष्टमी-चतुर्दशीला, घरात हिरवी भाजी चिरली जात नसे. मागच्या भिंतीवर वालाचा वेल होता, त्याच्या शेंगा त्या दिवशी निवांत लोंबत राहायच्या, त्यांना कोणी हात लावायचा नाही. आणि खोटं बोलायचं नाही, हा सगळ्यात कडक नेम. दुकानात गिऱ्हाईक विचारी, “जतनबाई, तूर यंदाची आहे ना?” तर आतून आवाज यायचा, “मागच्या वर्षीची आहे.” फूलचंद कपाळाला हात लावायचा.

एकोणीसशे शहात्तरची दिवाळी उलटून पंधरा दिवस झाले होते. गुरुवारची सकाळ. पाणी गाळून झालं होतं, फूलचंद ओसरीवर बशीत चहा ओतून घेत होता, आणि पुढच्या दारावर थाप पडली.

शिरपुरात ओळखीचा माणूस दार वाजवत नाही, हाक मारतो. थाप म्हणजे परका. हीराबाईनं फटीतून पाहिलं आणि नुसतं बोटानं दाखवलं, खांद्याला पिशवी, काखेत रजिस्टर. त्या साली नसबंदीची मोहीम जोरात होती, सरकारी माणूस दारात दिसला की तीन मुलांच्या बापाची पाचावर धारण बसायची. फूलचंदला तर चार होती. तो बशी हातात धरूनच उठला, मागच्या दारानं बाहेर पडला आणि गोठ्यात म्हशींच्या आड जाऊन उकिडवा बसला. बशीतला चहा सांडला नाही, एवढं मात्र खरं.

“फूलचंद शेठ आहेत का?”

“आत्ताच होते,” हीराबाई म्हणाली. सासूच्या घरात राहून तीही तेवढ्यापुरतं खरं बोलायला शिकली होती.

आलेला माणूस हसला. दौलतसिंग त्याचं नाव, वाशीमच्या कचेरीत कारकून. “सांगा त्याइले, ते काम माझं नाही. मी दुसऱ्याच कागदाचा माणूस आहे.”

हे ऐकून गोठ्यात चहाचा भुरका वाजला.

दौलतसिंग ओसरीवर टेकला. सकाळपासून अर्धं गाव फिरला होता, तेच ते बोलून त्याचा घसा बसला होता. “नवा कायदा आला आहे, बाई. वेठबिगार बंद. कोणाच्या घरी, शेतात, मालकाच्या मर्जीनं बांधलेलं माणूस असलं, सोडून जायची मुभा नसलेलं, जुन्या भाषेत गुलाम म्हणा, दास म्हणा, दासी म्हणा, त्याची नोंद करून त्याले मोकळं करायचं. सगळीकडं ‘नाही’ लिहून आलो. तुमच्याकडंबी नाहीच. इथं सही करा.”

त्यानं रजिस्टर पुढं केलं. जतनबाईंनी लेखणी घेतली आणि थांबल्या. ‘दासी’ हा शब्द त्यांनी कुठंतरी लिहिलेला होता. स्वतःच्या हातानं.

“आहे,” त्या म्हणाल्या.

“काय आहे?”

“दासी. एक आहे.”

दौलतसिंगाच्या हातून पेनाचं टोपण घरंगळत अंगणात गेलं. अख्ख्या सर्कलमध्ये त्याला कोणी ‘आहे’ म्हणून सांगितलं नव्हतं. आणि सांगतं आहे कोण, तर मुंगीला वाट करून देणारी ही बाई! “कुठं आहे?” त्यानं हळूच विचारलं.

“ते काय, भांडी घासून राह्यली.”

भागिरथानं मान वर केली.

जतनबाई आत गेल्या आणि भिंतीवरची काचेची चौकट काढून घेऊन आल्या. मागच्या वर्षी पर्युषणात त्यांनी मोठं व्रत घेतलं होतं. आपल्यापाशी जे आहे त्याची मर्यादा करायची, इतकंच ठेवीन, यापेक्षा जास्त कधी नाही, असं जन्मभरासाठी लिहून द्यायचं. मंदिरात शास्त्र वाचणाऱ्या चांदमलजींनी छापील तक्ता दिला होता, नऊ रकान्यांचा. शेत, घर, सोनं, चांदी, धन, धान्य, दोन पायांचे, चार पायांचे, भांडीकुंडी. ‘दोन पायांचे’च्या खाली बारीक अक्षरात छापलं होतं, दास-दासी. जतनबाईंनी तीन दुपारी बसून तो भरला. आणि कोणाला शंका राहू नये म्हणून नावासकट भरला. मग इब्राहीमभाईंच्या दुकानातून काच घालून आणला. गावात व्रत घेणारे पुष्कळ होते, काच घालणाऱ्या त्या एकट्या.

दौलतसिंगानं चौकट उजेडात धरून मोठ्यानं वाचलं, “दोन पायांचे, एक. भागिरथा. चार पायांचे, तीन. दोन म्हशी, एक गाय.”

भांडी घासण्याचा आवाज थांबला.

“पुन्हा वाचा बरं, दादा.”

त्यानं पुन्हा वाचलं, या वेळी जरा हळू.

“मी म्हशीच्या वर आहे का खाली?”

“वर,” दौलतसिंग म्हणाला.

“मंग ठीक आहे. मानाची जागा देली म्हणायची.” आणि भागिरथा खळखळून हसली. हीराबाई हसली, दौलतसिंगही हसला. जतनबाई हसल्या, पण त्यांचं हसणं अर्ध्यावर राहिलं. भागिरथाचे डोळे हसत नव्हते.

दौलतसिंग सरळ मनाचा माणूस होता. त्यानं भागिरथालाच विचारलं, “बाई, तुम्हाले इथून जायचं असलं तर जाता येते का?”

भागिरथानं विचार केला. खरोखरच केला. “काय मालूम, दादा. एकोणीस वर्षांत कधी जाऊन नाही पाह्यलं.”

“मग मी काय लिहू?”

“थांबा. जाऊन पाह्यतो.”

तिनं घासलेली भांडी विसळली, उन्हात एका ओळीत पालथी घातली, हात धुतले, पदर खोचला आणि मागच्या दारानं निघून गेली. कोणीच अडवलं नाही. अडवायचं तरी कोणी? फूलचंद गोठ्यातून पाहत होता, तिनं जाता जाता त्याच्या हातातली रिकामी बशी घेऊन ओट्यावर ठेवली.

“मी हे पेन्सिलीनं लिहितो,” दौलतसिंग उठत म्हणाला. “सोमवारी परत येणार आहे. तोवर तुमी दोघी ठरवा, ती तुमची कोण आहे ते.”

तो गेल्यावर फूलचंद आत आला. “माँ, याले जेल होते! सरकारच्या माणसाले कोणी सांगते का असं?”

“खरं तेच सांगितलं.”

“खरं कुठून? ती नोकर आहे आपली. पगार घेते. जाते, येते.”

“मग मी तक्त्यात खोटं लिहिलं?”

“तक्ता शास्त्राचा आहे, माँ. शास्त्रातलं शास्त्रात.”

“अन् घरातलं?”

फूलचंदनं किल्ल्या उचलल्या. त्यानं दुकान उघडलं.

शुक्रवारी भागिरथा आली नाही. कळलं की ती कापूस वेचायला जाते आहे. जतनबाईंनी स्वतः राख घेऊन भांडी घासायला काढली. अर्धा तास झाला आणि कंबर बोलायला लागली. दुधाच्या पातेल्याची कड कशानं निघते हे त्यांना आठवेना, कारण एकोणीस वर्षांत ती कड त्यांनी पाहिलीच नव्हती. तिकडं गोठ्यात वेगळीच तऱ्हा. थोरली म्हैस फूलचंदला जवळ येऊ देईना. तो चुचकारतो, ती पाय झाडते. हीराबाई गेली, तिलाही तेच. शेवटी फूलचंदनं भागिरथाचं जुनं लुगडं अंगावर पांघरलं आणि कास धरली. म्हशीनं वळून त्याच्याकडं पाहिलं, लुगड्याचा वास घेतला, आणि बादलीला अशी लाथ मारली की बादली थेट वालाच्या वेलाखाली.

“चार पायांच्याले दोन पायांची पाह्यजे,” हीराबाई पदराआड म्हणाली. जतनबाईंनी ऐकलं, पण रागावल्या नाहीत.

“दुसरी बाई पाहू,” फूलचंद अंग पुसत म्हणाला.

“नाही पाहता येत. तक्त्यात एकच आहे. अन् ती भागिरथा आहे.”

शनिवारी त्या मंदिरात गेल्या. चांदमलजी सत्तरीचे, मऊ आवाजाचे, पोथीच्या पानावर कधी बोट न टेकवणारे. जतनबाईंनी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“शब्द शास्त्रातला आहे, जतनबाई. त्या काळी दास असत. भगवंतांनी सांगितलं, हावरटपणा करू नका, मर्यादा घाला.”

“भाईजी, चोरी करू नये असं आहे ना?”

“आहे.”

“महिन्यातून दोनच चोऱ्या कराव्या, अशी मर्यादा नाही?”

“छे, छे! चोरीची कसली मर्यादा?”

“मग माणसाची मर्यादा काहून? ठेवूच नका, असं काहून नाही सांगितलं?”

चांदमलजींनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला. “तो काळच तसा होता. सगळेच ठेवत.”

“सगळे करत तेच करायचं असलं, तर मग धर्म कशाले पाह्यजे? सगळे तर रात्रीबी जेवतात.”

दुसरा कोणी असता तर चिडला असता. चांदमलजी प्रामाणिक होते. ते म्हणाले, “तुम्ही म्हणता ते माझ्या मनात पन्नास वर्षांत आलं नाही. आता घरी जाऊन विचार करीन. पण व्रताचं विचाराल तर कमी करायला आडकाठी नाही. एकाचं शून्य करा. मर्यादा घटली, पुण्यच आहे.”

जतनबाईंचा चेहरा उजळला.

“पण मग,” चांदमलजी म्हणाले, “जन्मभर घरात कामाला बाई ठेवता येणार नाही. नोकर-चाकर सगळे त्याच रकान्यात धरतात.”

जतनबाई पायऱ्या उतरल्या. नाव ठेवावं तर भागिरथा येणार नाही, आणि खोडावं तर तिनं यायचंच नाही. चपला पायांत घालायला आपण विसरलो हे त्यांच्या लक्षात आलं ते घर अर्ध्यावर आल्यावर. चपला आणायला परत जाताना त्यांच्या मनात एकच गोष्ट फिरत होती. मागच्या वर्षी तीन दुपारी बसून तक्ता भरला, तेव्हा लेखणी या रकान्यावर थांबली नव्हती. चांदमलजींनी अर्थ सांगितला तेव्हाही काही वाटलं नव्हतं. वाटलं ते गुरुवारी, ‘मी म्हशीच्या वर का खाली’ हे ऐकल्यावर. त्या क्षणी समोर ना पोथी होती ना महाराज. राखेनं भरलेले दोन हात होते. मग हे खटकणं आलं कुठून? शास्त्रानं तर उलट सांगितलं होतं, लिहा म्हणून.

रविवारी दुपारी त्या चौकट पदराखाली धरून इब्राहीमभाईंच्या दुकानात गेल्या. एस.टी.च्या थांब्याजवळ त्यांचं चार हातांचं दुकान, आरशांनी आणि काचांनी भरलेलं. आत शिरलं की माणूस स्वतःलाच दहा वेळा दिसायचा.

“काच फुटली का, भाभी?”

“काच धड आहे. आतलं फुटलं. उघडून द्या.”

इब्राहीमभाईंनी चौकट पालथी घातली आणि ते पकडीनं चुका, बारीक खिळे, काढायला लागले. “समजलं मले. दौलतसिंग गाडीची वाट पाहत इथंच बसला होता.” मग जरा थांबून म्हणाले, “लावताना वाचलं होतं मी.”

“वाचलं होतं? मग बोललात काहून नाही?”

“तुमच्या पोथीले हसायले माझं तोंड कुठं आहे? आमच्या किताबातबी गुलाम आहेत. त्याले सोडणं मोठं सवाबाचं, मोठ्या पुण्याचं काम. कसम मोडली, गुलाम सोडा. गुन्हा झाला, गुलाम सोडा. जे खाता ते त्याले खाऊ घाला. अच्छी गोष्ट आहे. लहानपणी मी अब्बाले विचारलं, अब्बा, सोडायसाठी आधी ठेवावा लागल ना?”

“मग?”

“अब्बानं कान असा पिळला की दोन दिवस लाल होता. पण संध्याकाळी म्हणाले, सवाल बुरा नव्हता.”

“अन् जवाब?”

“जवाब देला नाही. मी साठचा झालो, अजून वाट पाहून राह्यलो.”

जतनबाई गुरुवारनंतर पहिल्यांदा मोकळ्या हसल्या. समोरच्या दहा आरशांत दहा जतनबाई हसल्या.

“मग गुलाम ठेवणं वाईट, हे तुमाले कोणं सांगितलं, इब्राहीमभाई?”

ओठांत धरलेल्या चुका त्यांनी हातावर काढल्या. “कोणं सांगाले पाह्यजे? काच कापताना बोट कापलं तर दुखते. दुसऱ्याचं कापलेलं पाह्यलं तरी आपल्याले कसंतरी होते. तेवढंच.”

“कसंतरी होत नाही अशीबी माणसं असतात.”

“त्याइच्यासाठी किताब.”

“अन् किताबच चुकली तर?”

“तवा कसंतरी होणारी माणसं,” इब्राहीमभाई म्हणाले आणि चौकटीतून कागद अलगद बाहेर काढून त्यांच्यापुढं ठेवला.

जतनबाईंनी टाक मागून घेतला. देवासमोर घेतलेलं व्रत होतं, जन्मभराचं. शून्य लिहावं तर उद्यापासून भागिरथा या घरात पाऊल ठेवू शकत नाही, असं चांदमलजी म्हणाले होते. पण शून्य तरी कशाचं? शेजाऱ्याचं शेत आपण आपल्या तक्त्यात लिहीत नाही, आणि त्याचं शून्यही लिहीत नाही. जे आपलं नाहीच त्याची मर्यादा कोणी घातली आहे? काम करायला कोणी आपल्या घरी येतं, म्हणून ते आपलं होत नाही. मंदिरात जाणारी माणसं काय मंदिराच्या मालकीची होतात? त्यांनी एक सरळ रेघ मारली, आकड्यावरून, नावावरून, आणि शेवटी ‘दोन पायांचे’ या छापील शब्दांवरूनही. चांदमलजींना उद्या सांगायचं, असं मनाशी ठरवलं. ते विचार करीन म्हणाले होते, त्यांना विचाराला हेही घेता येईल.

“काच लावून देऊ?”

“आता नको. जिचं होतं तिले आधी दाखवते.”

नाल्याकडच्या वस्तीत जतनबाई एकोणीस वर्षांत एकदाही गेल्या नव्हत्या. विचारत विचारत गेल्या. दिवस कलला होता, ओट्यांवर वेचलेल्या कापसाची गाठोडी टेकवलेली होती. भागिरथाचं घर म्हणजे मातीच्या दोन खोल्या, शेणानं सारवलेलं अंगण, आणि कुंपणावर वालाचाच वेल, जतनबाईंच्या वेलाचं बी. दार लोटलेलं होतं. हाक मारावी असं वाटलं, पण जीभ उचलेना. त्यांनी दारावर थाप मारली.

“कोण सरकारी माणूस आला व माय?” म्हणत भागिरथानं दार उघडलं आणि पाहतच राहिली. “बाई! अन् पुढच्या दारानं?”

“मागचं कुठं आहे?”

“मागचं नाहीच. गरिबाच्या घरी सगळे मालकासारखे पुढूनच येतात. या, बसा.” तिनं घोंगडी झटकून अंथरली. पाणी विचारलं नाही. जतनबाई गाळल्याशिवाय पीत नाहीत, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक?

जतनबाई बसल्या नाहीत. उभ्यानंच हात जोडले. दर वर्षी पर्युषणाच्या शेवटी त्या चौऱ्याऐंशी लाख योनींतल्या जिवांची क्षमा मागत. नाव घेऊन, समोर उभं राहून एकाही जिवाची मागायची वेळ मात्र कधी आली नव्हती. “भागिरथे, माझी चूक झाली. माफ कर.”

“आता बसा बरं,” भागिरथा गडबडीनं म्हणाली. “शेजारच्या बाया पाहून राह्यल्या. त्याइले वाटल, तुमी उसनं मागाले आल्या.”

जतनबाई बसल्या, कागद उलगडला. भागिरथानं तो उलटासुलटा पाहिला. तिला वाचता येत नव्हतं. “वाचून दाखवा.”

“शेत. घर. सोनं, चांदी, धन. धान्य. मग चार पायांचे, तीन.”

“मधात काही होतं.”

“आता नाही.”

भागिरथानं रेघेवरून बोट फिरवलं. शाई अजून जरा ओली होती, बोटाला लागली. “अन् म्हशी राह्यल्या?”

“म्हशी आहेत.”

“त्याइले विचारलं का?”

“थोरलीनं फूलचंदले सांगितलं. लाथ मारून.” मग जतनबाईंनी लुगड्याची गोष्ट सांगितली. भागिरथा एवढी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि या वेळी डोळेही हसत होते.

“एक सांगू का बाई?” पदरानं डोळे पुसत ती म्हणाली. “तुमी पाणी गाळता ना, तशी पोथीबी गाळून घेत जा. पाण्याले राग येत नाही, पोथीले काहून येईन?”

जतनबाईंनी कागद मांडीवर सारखा केला. चाळीस वर्षं फडकं त्यांच्याच हातात होतं.

“उद्या तो दौलतसिंग येईन,” त्या म्हणाल्या. “त्याले काय सांगशील?”

“सांगीन, जाऊन पाह्यलं, जाता येते. तीन दिवस कापूस वेचला, कोणी बोलावाले आलं नाही, कोणी बांधून नेलं नाही. पेन्सिलीचं खोडून टाक म्हणीन.”

“अन् मग?” जतनबाईंचा आवाज बारीक झाला. एवढं विचारायला त्या इथवर आल्या होत्या. “येशील का?”

भागिरथानं बाहेर पाहिलं. कुंपणावरच्या वेलाला शेंगांचे घोस लागले होते.

“येईन. पण आपल्या मनानं येईन.”

“ये. पगार वाढवून देऊ, फूलचंदशी बोलते मी.”

“तो राह्यू द्या सध्या. माझं एकच मागणं आहे. एकोणीस वर्षांत मागतलं नाही, तुमी बी विचारलं नाही. आठम-चवदसले तुमी वालाच्या शेंगालेबी हात लावत नाही, म्हणता जिवाले एक दिवस सोडावं. मी त्या दिवशीबी दोन्ही वेळची भांडी घासतो.”

भागिरथानं शाई लागलेलं बोट पदराला पुसलं.

“मले आठम-चवदसची सुट्टी पाह्यजे.”